पाण्याची पैमाईश आणि ध्वनीची साक्ष

जमिनीची पैमाईश ही वऱ्हाडच्या महसुली व्यवहारातील जुनी आणि मुरलेली गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर येथे रयतवारी मोजणी झाली, शेताशेताला सर्व्हे नंबर पडले, हद्दीच्या निशाण्या रोवल्या गेल्या. आणि बांधाच्या हातभर जागेसाठी तहसिलीच्या पायऱ्या झिजविणाऱ्या शेतकऱ्यालाही आपला नकाशा दप्तरात शाबूत आहे, हा भरवसा तेव्हापासून वाटत आला. परंतु ज्या जलाशयांच्या आधाराने आज या प्रांतातील ओलित होते आणि शहरांतील नळांना पाणी येते, त्यांच्या तळाची जमीन मात्र पाण्याखाली गेल्या दिवसापासून साखळीच्या आणि मोजणीदाराच्या नजरेच्या पलीकडे जाते. तेथे दर पावसाळ्यात गाळ उतरतो, नदीचे जुने पात्र हळूहळू बुजत जाते, बुडालेल्या शेतांचे बांध सपाट होतात, आणि वरून पाहणाऱ्याला मात्र पाण्याचा तोच निळा विस्तार दिसत राहतो. गढूळ पाण्यात प्रकाश काही हातांवरच विझतो. रेडिओच्या लहरी तर पाण्यात शिरताच शोषल्या जातात. तळापर्यंत जाऊन परत येणारा आणि आपण काय पाहिले ते सांगणारा एकच साक्षीदार उरतो, आणि तो म्हणजे ध्वनी.

हा साक्षीदार खोटे बोलत नाही. तथापि त्याची साक्ष कशी वाचावयाची, हे मात्र तो ज्या पाण्यातून प्रवास करतो त्या पाण्याच्या प्रकृतीवर अवलंबून असते. पाणी किती ऊन आहे, किती खारे आहे, त्यात गाळ किती आणि हवेचे बुडबुडे किती, खोलीबरोबर हे सारे कसे बदलत जाते, याची नोंद नसेल तर ध्वनीने आणलेली बातमी खरी असूनही तिचा अर्थ चुकीचा लागतो. जलाशयांच्या पोटातील ही प्रकृती आपल्या प्रांतात पुरेशा आस्थेने नोंदली जावी, आणि त्या नोंदी सर्वांना पाहता याव्यात, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

सिंभोऱ्याचा जलाशय

सातपुड्यात मुलताईच्या डोंगराळ मुलखात उगम पावलेली वर्धा नदी खाली उतरून मोर्शी तालुक्यात येते, तेथे सिंभोऱ्यापाशी तिला अप्पर वर्धा धरणाने अडविले आहे. ज्या जलाशयाला नल-दमयंती सागर असे विदर्भाच्या प्राचीन राजकन्येचे स्मरण जागविणारे नाव दिले गेले, तो अमरावती विभागातील एक प्रमुख जलाशय होय. त्याचा उपयुक्त साठा ५६४ दशलक्ष घनमीटर, म्हणजे पाटबंधारे खात्याच्या नित्याच्या बोलीत ५६४ दलघमी, इतका धरला जातो. अमरावती शहराला पिण्याचे पाणी येथूनच येते. अकोल्याची तहान महानच्या काटेपूर्णा धरणावर भागते, ज्याचा उपयुक्त साठा ८६ दलघमीच्या थोडा वर आहे. आणि तेल्हारा तालुक्यात वारी-भैरवगडाजवळ, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी, वान नदीवर जो हनुमान सागर उभा राहिला, त्याचे सुमारे ८२ दलघमी पाणी खारपाण पट्ट्यातील खेड्यांना मोठा आधार आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील ज्या गावांत विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, तेथल्या माणसाला पाण्याची जात ओळखण्याचे शिक्षण कोणी द्यावे लागत नाही.

ही आकडेवारी आपण वृत्तपत्रांत दर आठवड्याला वाचतो. अमुक धरणात अमुक टक्के साठा, असा तक्ता छापून येतो आणि त्यावरून शेतकरी रब्बीचा, नगरपालिका नळाच्या वेळांचा आणि घरची गृहिणी पिंप भरून ठेवण्याचा विचार करते. परंतु तो टक्का निघतो कसा, हे क्वचितच कोणी विचारतो. धरणाच्या भिंतीवर पाण्याची पातळी दर्शविणारी मोजपट्टी असते. त्या पातळीवरून, पातळी आणि साठा यांचे कोष्टक पाहून, किती पाणी शिल्लक आहे ते काढतात. ते कोष्टक मुळात धरण बांधण्यापूर्वीच्या जमिनीच्या मोजणीवरून तयार झालेले असते. तळाशी गाळ साचला की त्याच पातळीला प्रत्यक्षात कमी पाणी असते, पण कोष्टक मात्र जुनेच राहते. सबब काही वर्षांनी तळाची नवी मोजणी करून कोष्टक दुरुस्त करणे, हे पाण्याच्या प्रामाणिक हिशेबाचे पहिले कलम ठरते.

या मोजणीचे दोन मार्ग आहेत. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून, जलाशय भरलेला असताना आणि उतरत असताना पाण्याचा विस्तार किती होता हे पाहून, वरच्या भागातील क्षमता काढता येते. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, जी जाणकारांत मेरी या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते आणि जिची स्थापना १९५९ साली झाली, ती हे काम करीत आली आहे. परंतु पाणी ज्या पातळीखाली कधी उतरतच नाही, तेथील तळ उपग्रहाला दिसत नाही. तेथे नाव घेऊन पाण्यावरच जावे लागते आणि ध्वनीलाच विचारावे लागते.

नावेवरचे काम

मोजणीची नाव लहान असते. तिच्या कडेला एका खांबाच्या टोकाशी, पाण्यात हातभर बुडेल असे, एक थाळीवजा यंत्र बांधलेले असते, ज्यास ट्रान्सड्यूसर म्हणतात. विजेचा स्पंद मिळताच ते थरथरते आणि खाली सरळ रेषेत ध्वनीचा एक तुटक ठोका सोडते. माणसाच्या कानाला ऐकू येणाऱ्या मर्यादेच्या पुष्कळ वरचा, सेकंदाला बहुधा दोन लक्ष कंपनांचा, हा ध्वनी तळावर आपटून परत येतो, आणि तेच यंत्र त्याचा प्रतिध्वनी टिपते. जाण्या-येण्याला लागलेला वेळ अर्धा करून त्यास ध्वनीच्या वेगाने गुणले की खोली निघते. नाव आखलेल्या रेषांवरून एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत फिरत राहते, उपग्रहांच्या साहाय्याने तिचे स्थान क्षणोक्षणी टिपले जाते, आणि अशा हजारो ठोक्यांतून तळाचा नकाशा उभा राहतो.

या साऱ्या गणितात वेळ यंत्र मोजते आणि वेग मात्र माणूस सांगतो. यंत्रात पुष्कळदा सेकंदाला १५०० मीटर हा वेग आधीच भरलेला असतो, आणि कोणी तो बदलला नाही तर ते इमानेइतबारे त्याच आकड्याने गुणाकार करीत राहते. म्हणून अनुभवी मोजणीदार काम सुरू करण्यापूर्वी एक साधी परीक्षा घेतो. लोखंडाची एक सपाट पाटी दोन साखळ्यांना बांधून, साखळीवर मीटरमीटरला खुणा करून, ती ट्रान्सड्यूसरच्या बरोबर खाली आधी दोन मीटरवर, मग पाच, मग दहा मीटरवर सोडतात; आणि यंत्र तितकीच खोली दाखवते की नाही ते पाहून, न दाखवल्यास वेगाचा आकडा जुळवून घेतात. साखळीच्या खुणेवर दहा मीटर असताना यंत्राच्या पडद्यावर दहा मीटर आणि बारा सेंटिमीटर दिसले, तर हातात धरलेली साखळी खरी आणि पडदा खोटा, असा निवाडा तत्क्षणी करता येतो. दुसरी पद्धत अशी, की तापमान आणि ध्वनीचा वेग मोजणारे उपकरण दोरीने तळापर्यंत सोडून, प्रत्येक खोलीवरचा वेग प्रत्यक्षच नोंदवून घ्यावा.

आता या बारा सेंटिमीटरांचे कारण काय, हे पाहू.

जिनिव्हाची घंटा

पाण्यातील ध्वनीचा वेग प्रथम विश्वासार्ह रीतीने मोजला गेला तोही एका खोल सरोवरातच. १८२६ साली स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा सरोवरात झां-दानियल कोलादों आणि चार्ल्स स्टुर्म यांनी परस्परांपासून सुमारे साडेतेरा किलोमीटर अंतरावर दोन नावा उभ्या केल्या. एका नावेखाली पाण्यात घंटा टांगलेली होती, आणि तिच्यावर हातोडा पडताच त्याच क्षणी वर बंदुकीच्या दारूचा भडका उडेल अशी योजना होती. दुसऱ्या नावेवर एक लांब कर्णा पाण्यात बुडवून त्याच्या वरच्या टोकाला कान लावलेला निरीक्षक रात्रीच्या अंधारात तो भडका पाहताच घड्याळ सुरू करी आणि घंटेचा नाद कानी येताच ते थांबवी. नऊ सेकंदांहून किंचित अधिक वेळ लागला, आणि वेग निघाला सेकंदाला १४३५ मीटर. सरोवराचे तापमान सुमारे ८ अंश सेल्सिअस होते; त्या तापमानाला आजच्या काटेकोर उपकरणांनी मिळणारा वेग याहून केवळ चार-पाच मीटरांनी अधिक आहे. हातोडा, दारू आणि कान एवढ्याच सामग्रीवर मिळविलेले हे यश पाहून आदर वाटल्यावाचून राहत नाही. कोलादोंने वेगाच्या शेजारी तापमान लिहून ठेवले, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची. तापमानाचा दाखला जोडलेला नसता तर तो आकडा आज आपल्याला पडताळून पाहताच आला नसता.

हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. पाण्यात तो चारपटींहून अधिक वेगाने धावतो. पाणी हवेपेक्षा आठशे पटींनी जड आहे, म्हणून ते संथ असावे अशी सामान्य समजूत होईल. परंतु दाबून आकुंचित करण्याला पाणी जो विरोध करते तो हवेच्या विरोधाच्या सुमारे पंधरा हजार पट आहे, आणि वेग ठरतो तो या ताठरपणाच्या आणि घनतेच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावरून. आमच्याकडे विहिरीत पोहणाऱ्या मुलांचा एक खेळ असतो: एकाने बुडी मारून पाण्याखाली दोन गोटे एकमेकांवर आपटावयाचे, आणि दुसऱ्याने डोके बुडवून तो आवाज कोठून आला ते सांगावयाचे. आवाज स्पष्ट आणि टणक येतो, पण दिशा काही केल्या सांगता येत नाही. तो सर्व बाजूंनी, किंबहुना स्वतःच्याच डोक्यातून आल्यासारखा वाटतो. आपण दिशा ओळखतो ती मुख्यतः एका कानाला ध्वनी दुसऱ्यापेक्षा किंचित आधी पोहोचतो म्हणून. पाण्यातील वेगामुळे ते अंतर चतुर्थांशाहूनही कमी होते आणि मेंदूची सवय निष्फळ ठरते.

पाण्याचा आणखी एक विशेष असा, की बहुतेक द्रव तापले म्हणजे त्यांतील ध्वनी मंदावतो, पण पाण्यात तो जलद होतो. शून्य अंशाला शुद्ध पाण्यात वेग १४०२ मीटर असतो, २० अंशांना १४८२, २५ अंशांना १४९७ आणि ३० अंशांना १५०९. ही चढती भाजणी ७४ अंशांपर्यंत चालते, तेथे १५५५ हा कमाल आकडा येतो आणि मग उतार लागतो. आपल्या जलाशयांच्या नित्याच्या तापमानांत एका अंशाच्या फरकाने वेग अडीच-तीन मीटरांनी बदलतो. मिठाने, म्हणजे दर लिटरला एक ग्रॅम क्षार वाढल्याने, तो सुमारे सव्वा मीटर वाढतो. आणि खोलीच्या दाबाने, शंभर मीटर खाली गेल्यावर, फार तर पावणेदोन मीटर वाढतो. वऱ्हाडातील धरणांत दाबाचा परिणाम नगण्य, क्षारांचा अल्प, आणि तापमानाचा प्रधान, असा या तिघांचा क्रम लागतो.

वैशाखातील पाण्याचे थर

अकोल्याच्या उन्हाळ्याची कीर्ती सर्वश्रुत आहे. पारा ४५ अंशांवर जाणे ही तेथे बातमी उरलेली नाही. अशा उन्हात जलाशयाचा वरचा थर तापतो, आणि ऊन पाणी हलके असल्याने ते वरच तरंगत राहते. जेथे खोली पुरेशी आहे आणि वाऱ्याची घुसळण तळापर्यंत पोहोचत नाही, तेथे खालचे पाणी हिवाळ्यातील गारवा धरून बसते, आणि दोहोंच्या मध्ये थोड्याच मीटरांत तापमान झपाट्याने उतरणारा एक पट्टा तयार होतो, ज्यास शास्त्रज्ञ थर्मोक्लाइन म्हणतात. मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत याच्या उलट घडते. रात्री पृष्ठभाग गार होतो, गार पाणी जड होऊन खाली बुडते, खालचे वर येते, आणि वरपासून खालपर्यंत सारे पाणी जवळपास एकाच तापमानाला येते.

ध्वनीच्या दृष्टीने हे दोन वेगळे जलाशय होत. हिवाळ्यात पाणी २० अंशांवर असेल तर वेग सर्वत्र १४८२ च्या आसपास राहतो. उन्हाळ्यात वर ३१ आणि खाली २४ अंश असतील तर वर १५११ आणि खाली १४९४, असे दोन वेग एकाच जागी नांदतात. सरळ खाली सोडलेल्या ठोक्याची दिशा यामुळे बदलत नाही, केवळ वेळ बदलतो. परंतु तिरप्या सोडलेल्या किरणांची गोष्ट निराळी. एका फेरीत रुंद पट्टा मोजता यावा म्हणून ज्या यंत्रांत पंख्याच्या आकारात अनेक किरण सोडतात, त्यांतील कडेचे किरण थरांच्या सीमेवर वळतात; आणि ध्वनी नेहमी मंद वेगाच्या बाजूकडे वळत असल्याने ते खाली झुकतात. परिणामी खोलीही चुकते आणि ती कोठली खोली हेही चुकते, व सपाट तळ नकाशावर दोन्ही कडांना वाकलेला दिसू लागतो.

या वक्रीभवनाने एकेकाळी नौदलांनाही बुचकळ्यात टाकले होते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी अमेरिकी आरमाराच्या ध्यानात आले, की सकाळी पाणबुडीचा माग उत्तम लावणारी यंत्रे दुपारी मात्र निकामी झाल्यासारखी वागतात. आधी माणसांच्या सुस्तीवर संशय घेतला गेला. पण दोष उन्हाचा होता. दुपारी समुद्राचा पृष्ठभाग एखाद-दुसऱ्या अंशाने तापे, ध्वनी खाली वळे, आणि पुढे एक असा छायेचा प्रदेश निर्माण होई की तेथील पाणबुडीपर्यंत तो पोहोचतच नसे. एखाद्या अंशाची ही करामत असेल, तर वैशाखातील सिंभोऱ्याच्या पाण्यात दुपारी आडव्या दिशेने सोडलेल्या ध्वनीचे काय होत असेल, याची कल्पना सहज करता येते.

शांत सरोवरांचे महत्त्व

खोल सरोवर हे ध्वनीच्या अभ्यासकाला समुद्राहून प्रिय का असते, याची कारणे येथेच सापडतात. समुद्रात भरती-ओहोटी असते, लाटा असतात, जहाजांचा गोंगाट असतो; आणि खाऱ्या पाण्यात विरघळलेले मॅग्नेशियम सल्फेट ध्वनीची ऊर्जा शोषून घेते, ज्यामुळे सेकंदाला दहा हजार कंपनांचा ध्वनी गोड्या पाण्यात जितका क्षीण होतो त्याच्या कितीतरी पटींनी समुद्रात होतो. गोड्या पाण्याचे खोल, निवांत सरोवर मिळाले, की उपकरणाचा स्वतःचा गुणदोष निर्भेळ स्वरूपात तपासता येतो. अमेरिकेने आयडाहो प्रांतातील पेंड ओरे हे सुमारे साडेतीनशे मीटर खोल सरोवर याच कामासाठी निवडले. आपल्या देशात कोचीच्या नौदल भौतिक व सागरी प्रयोगशाळेने केरळातील इडुक्कीच्या जलाशयावर, कुलमावू येथे, पाण्याखालील ध्वनीचे संशोधन केंद्र चालविले आहे; सुमारे १६९ मीटर उंचीच्या कमानी धरणाने अडविलेल्या त्या खोल पाण्यात आपल्या नौदलाची सोनार यंत्रे पारखली जातात, आणि २०२४ साली तेथे पाण्यावर तरंगणारा एक मोठा चाचणी-मंचही उभा राहिला. डोंगरात पाटबंधाऱ्यासाठी वा विजेसाठी अडविलेले पाणी देशाच्या संरक्षणाच्या कामी येते, ही गोष्ट धरणांकडे पाहण्याची आपली दृष्टी विशाल करणारी आहे.

वऱ्हाडात तितके खोल पाणी नाही. तथापि आपल्या पाण्यातही ध्वनीचे विश्व समृद्ध आहे. आमच्या भोई बांधवांना जाळे टाकल्यावर पाण्यावर काठी आपटून मासळी हाकण्याची रीत ठाऊक असते. आणि रोहू, कटला, मृगळ या जातींत पोटातील हवेची पिशवी आणि कान यांना जोडणारी बारीक हाडांची साखळी असल्याने त्यांची श्रवणशक्ती इतर पुष्कळ माशांहून तीक्ष्ण असते, हे विज्ञान त्या रीतीला पुष्टी देते. पावसाचे थेंबही पाण्याखाली आपली भाषा बोलतात. साधारण एक मिलिमीटर व्यासाचा बारीक थेंब पाण्यात शिरताना एक सूक्ष्म बुडबुडा मागे ठेवतो, आणि तो बुडबुडा सेकंदाला पंधरा हजारांच्या आसपास कंपनांनी घुमतो. या घुमण्यावरून समुद्रावर किती पाऊस पडला हे मोजण्याच्या रीती शास्त्रज्ञांनी बसविल्या आहेत.

गाळ आणि वायू

बुडबुड्याचे सामर्थ्य मात्र मोजणीदाराच्या मुळावर येते. पाण्यात घनफळाच्या केवळ एक टक्का हवा बुडबुड्यांच्या रूपाने मिसळली, तर ध्वनीचा वेग सेकंदाला दीड हजार मीटरांवरून सुमारे सव्वाशे मीटरांच्याही खाली येतो, म्हणजे पाण्यात तर नव्हेच, पण हवेतही असतो त्याहून मंद होतो. कारण असे, की मिश्रणाला वजन पाण्याचे राहते आणि लवचीकपणा मात्र हवेचा येतो. आणि आपल्या जलाशयांच्या तळाशी वायूची वाण नाही. मोर्शी-वरुडच्या संत्राबागांतून, सातपुड्याच्या उतारांवरून, कपाशीच्या काळ्या रानांतून जी माती वाहून येते, तिच्याबरोबर पालापाचोळा आणि काडीकचराही येतो. तो तळाशी प्राणवायूवाचून कुजतो आणि मिथेन निर्माण होतो. असा वायू धरून बसलेला गाळ ध्वनीला पुढे जाऊ देत नाही. पडद्यावर तो कठीण तळासारखा ठळक उमटतो, आणि त्याखाली किती गाळ आहे ते झाकलेलेच राहते.

म्हणूनच जाणते मोजणीदार एकाऐवजी दोन ध्वनी वापरतात. दोन लक्ष कंपनांच्या ध्वनीची तरंगलांबी पाण्यात अवघी साडेसात मिलिमीटर असते. तो गाळाच्या अगदी वरच्या, पातळ कांजीसारख्या पृष्ठभागावरूनच परततो. तेहतीस हजार कंपनांच्या ध्वनीची तरंगलांबी साडेचार सेंटिमीटर असते. तो मऊ गाळात शिरून खालच्या घट्ट थरावरून परततो. दोहोंच्या उत्तरांतील तफावत म्हणजे नव्या, अजून न बसलेल्या गाळाची जाडी. जेथे दोन्ही उत्तरे एकाच जागी येतात तेथे तळ कठीण आहे की वायूने भरलेला आहे, हे मात्र तेथील गाळाचा नमुना वर काढूनच ठरवावे लागते.

लोणारचा दाखला

पाण्याची प्रकृती किती भिन्न असू शकते याचा जगप्रसिद्ध नमुना आपल्याच विभागात, बुलढाणा जिल्ह्यात आहे. अवकाशातून आलेल्या पाषाणाच्या आघाताने बेसाल्ट खडकात झालेले लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. त्यातील सरोवर उथळ, पण खारे आणि अतिशय क्षारधर्मी आहे. पूर्वी या पाण्यातून निरनिराळ्या जातींचे क्षार काढले जात आणि त्यांना डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी त्यांची त्यांची नावे होती. २०२० च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांना त्याचे कारण ठरविले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत सरोवराची नोंद झाली. ऊन वाढले की बाष्पीभवनाने पाणी घटते आणि क्षार दाट होतात. म्हणजे येथे तापमान आणि खारेपणा दोन्ही एकदम वाढून ध्वनीचा वेग वाढवितात. दर लिटरला दहा ग्रॅम क्षार मानले तरी त्यांच्यामुळेच वेग सुमारे तेरा मीटरांनी वाढतो. वानच्या गोड्या पाण्यासाठी जुळविलेले यंत्र न बदलता लोणारात नेले, तर ते पहिल्याच ठोक्याला चुकेल.

एका टक्क्याचे मोल

आता त्या बारा सेंटिमीटरांकडे परत येऊ. पाणी २० अंशांवर, खरा वेग १४८२, आणि यंत्रात भरलेला वेग १५००. यंत्र प्रत्येक खोली सव्वा टक्क्याने वाढवून सांगणार. दहा मीटरला बारा सेंटिमीटर, तीस मीटरला छत्तीस. एखादी मोजणी आश्विनात, पाणी २७ अंशांवर असताना झाली आणि पुढची काही वर्षांनी पौषात झाली, आणि दोन्ही वेळा यंत्रात तोच आकडा राहिला, तर केवळ ऋतूच्या फरकाने दुसऱ्या मोजणीत जलाशय अधिक खोल झाल्याचा भास होईल. प्रत्यक्षात साचलेला गाळ त्या भासात लपून जाईल आणि दप्तरी धरण निरोगी ठरेल. क्रम उलटा असेल, तर जो गाळ आलाच नाही त्याचा खर्च टाकला जाईल.

खोली सर्वत्र एक टक्का चुकली की पाण्याचे घनफळही एक टक्काच चुकते. अप्पर वर्धाच्या उपयुक्त साठ्याचा एक टक्का म्हणजे ५.६४ दलघमी, म्हणजे ५६४ कोटी लिटर. २०११ च्या जनगणनेत अमरावती शहराची लोकसंख्या सुमारे साडेसहा लाख होती. माणशी दररोज १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे मान धरले, तर तेवढ्या लोकांना हे पाणी दोन महिन्यांहून अधिक दिवस पुरेल. वेगाच्या एका आकड्याची बेपर्वाई आणि एका शहराचे दोन महिन्यांचे पाणी, या दोहोंमधला संबंध इतका सरळ आहे. २०१७ साली राज्यात गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना सुरू झाली. तिची फलश्रुती किती हे ठरवावयाचे तरी तळाची खरी मोजणीच हवी.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. सिंभोरा, महान, वान आणि आपल्या विभागातील इतर मोठ्या धरणांवर, धरणाच्या भिंतीजवळच्या सर्वांत खोल जागी, महिन्यातून एकदा मीटरमीटरला तापमान मोजून त्याचा रोजनामचा ठेवावा. पातळीचा तक्ता जसा प्रसिद्ध होतो तसा हाही व्हावा. आणि गाळाच्या प्रत्येक मोजणीच्या अहवालात ती कोणत्या तारखेस, पाण्याच्या किती तापमानात आणि ध्वनीचा कोणता वेग धरून झाली, याचा तपशील पहिल्याच पानावर असावा. हे काम केवळ खात्याने करावे असेही नाही. अमरावतीत १९२३ साली किंग एडवर्ड कॉलेज म्हणून सुरू झालेली आणि आज विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्था म्हणून नावाजलेली संस्था आहे, विद्यापीठ आहे, अकोल्यास कृषी विद्यापीठ आहे. तेथील भौतिकशास्त्राच्या आणि मृद्‌शास्त्राच्या विद्यार्थ्यांनी रीतसर परवानगी घेऊन, एक तापमापक, एक खुणा केलेली दोरी आणि एक वही घेऊन हे काम हाती घ्यावे. पाच वर्षांच्या अशा नोंदी जमल्या, तर वऱ्हाडच्या जलाशयांच्या पोटात ऋतुमानाप्रमाणे काय घडते याचे पहिले विश्वसनीय चित्र आपल्या हाती येईल. जमिनीच्या हातभर तुकड्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या दप्तरे सांभाळणाऱ्या या प्रांताने पाण्याच्या पैमाईशीतही तेवढाच काटेकोरपणा धरावा, एवढीच वाचकांना आणि अधिकाऱ्यांना कळकळीची विनंती आहे.